वाचक विचारतात: बर्फ पडायच्या आधी डोंगरावर नक्की चालतं काय?

मागच्या अंकात पहिल्यांदा स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी थोडं लिहिलं होतं, कपडे काय घ्यावेत, बूट कसे निवडावेत वगैरे. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे कपड्याबुटांचे नव्हतेच, लोकांना डोंगरावरच्या माणसांबद्दलच जास्त कुतूहल दिसतंय. त्यातले काही इथे घेतलेत. लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: बर्फ निसर्ग पाडतो, उतार डोंगराचा, घसरत खाली येणार आम्ही. मग हे लोक उन्हाळ्यापासून तयारी कसली करतात? की तिकीट महाग करायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून?

खोच पोचली! पण खरं सांगू का, बर्फ पडायला लागला की तयारीची वेळ संपलेली असते. एकदा का पांढरा थर बसला की खालचं काही दिसत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही, त्यामुळे जे काय करायचं ते माती दिसतेय तोवर.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे गवत कापणं आणि दगड वेचणं. हसू नका. उतार सपाट असेल, गवत बारीक कापलेलं असेल तर वीत-दीड वीत घट्ट दाबलेला बर्फसुद्धा पुरतो, लोक आरामात स्की करतात. तोच उतार खडकाळ असेल, झाडांचे बुंधे तसेच सोडलेले असतील तर कमरेएवढा थर पडला तरी कुठेतरी एखादं टोक वर राहतंच आणि नेमकं तेच कोणाच्या तरी स्कीखाली येतं. म्हणजे उन्हाळ्यात दोन माणसं आठवडाभर दगड गोळा करत फिरली तर सीझन काही दिवस आधी सुरू होऊ शकतो, आणि हे कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही कारण दगड उचलणाऱ्या माणसाचा फोटो कोण छापणार.

दुसरं पाणी. उतारावर तिरके चर काढतात, पाणी सरळ खाली न धावता बाजूला वळावं म्हणून. नाहीतर वसंतात बर्फ वितळला की माती वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तिथे घळ तयार. शिवाय एखादा झरा बर्फाच्या खालून वाहत राहिला तर तो थर खालून पोखरतो, वरून सगळं छान दिसतं आणि एका दुपारी खड्डा पडतो.

बाकी लिफ्टच्या, म्हणजे लोकांना डोंगरावर नेणाऱ्या दोरखंडावरच्या खुर्च्यांच्या, वाटेवरची वाळकी झाडं आणि लोंबकळणाऱ्या फांद्या तोडणं, खांबांना जाड गाद्या बांधणं, जाळ्या, दोऱ्या, पाट्या हे सगळं आहेच. वाऱ्याने बर्फ उडून जातो अशा कड्यांवर लाकडी कुंपणं घालतात, फटी ठेवून. पूर्ण बंद भिंत घातली तर तेवढा फायदा होत नाही, साधारण अर्धी जागा मोकळी असलेल्या कुंपणामागे वारा मंदावतो आणि बर्फ पलीकडे साचतो. फुकटात मिळालेला बर्फ!

प्रश्न: एका व्हिडिओत पाहिलं, तापमान शून्याच्या वर होतं तरी मशीन बर्फ उडवत होती. हे कसं शक्य आहे? केमिकल मारतात का पाण्यात?

हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर.

थर्मामीटरवर दिसतं ते तापमान इथे अर्धीच गोष्ट सांगतं, हवेत ओलावा किती आहे ते तितकंच महत्त्वाचं. ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिलं की थंडी वाजते ना, तसंच पाण्याच्या थेंबाचं होतं, हवा कोरडी असेल तर थेंबाचा थोडासा भाग वाफ होऊन उडतो आणि जाताना उरलेल्या थेंबातली उष्णता घेऊन जातो. या हिशोबाने जे तापमान येतं त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात आणि स्नो गनवाली, म्हणजे ती बर्फ उडवणारी मशीन चालवणारी माणसं रात्रभर त्याच आकड्यावर डोळा ठेवून असतात. साधारण उणे अडीचच्या खाली गेलं की गन चालू करता येतात, उणे सहा-सातला मजा येते. आता हवा २ अंश असेल पण आर्द्रता फक्त २० टक्के, तर वेट बल्ब उणे तीनच्या आसपास जातो, म्हणजे तुमच्या व्हिडिओत काही खोटं नव्हतं. उलट हवा उणे एकवर आहे पण धुकं दाटलंय, तर काही उपयोग नाही, पाणी उडवाल आणि खाली चिखल मिळेल.

नुसतं पाणी गार करूनही भागत नाही. अगदी बारीक थेंब शून्याच्या खाली गेला तरी पाणीच राहू शकतो, त्याला गोठायला सुरुवात करून देणारा एखादा कण लागतो. म्हणून गनमध्ये काही नोझलमधून पाणी आणि दाबलेली हवा एकत्र सोडतात, ती हवा बाहेर पडताना झपकन फुगते आणि एकदम थंड होते, त्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि बाकीचे थेंब त्यांना चिकटून गोठतात. पंखा किंवा उंच दांडा कशासाठी, तर थेंबाला जमिनीवर पडायच्या आधी हवेत जास्त वेळ मिळावा म्हणून. केमिकलचं म्हणाल तर एक पदार्थ आहे, स्यूडोमोनास सिरिंजी नावाच्या जिवाणूपासून काढलेलं प्रोटीन, त्याने पाणी जरा वरच्या तापमानाला गोठायला लागतं. ते काही ठिकाणी वापरतात, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं पाणी आणि हवा, बाकी काही नाही.

ही कल्पना निघाली अमेरिकेत, १९५० साली. कनेक्टिकटमध्ये वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची ही मंडळी स्की बनवायचा धंदा करत होती आणि त्या हिवाळ्यात बर्फच पडेना म्हणून स्की खपेनात. मग त्यांनी रंग मारायच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर आणि बागेत पाणी घालायचा पाइप असलं काहीतरी जोडून बर्फ पाडून बघितला. धंदा बुडायला आला की माणसाचं डोकं कसं चालतं बघा. तिथपासून २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत मजल गेली, तिथल्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे मशीनच्या बर्फावर झाल्या.

आता पाण्याचा हिशोब तुम्हीच करून बघा. एक किलोमीटर लांब आणि तीस मीटर रुंद उतार म्हणजे तीन हेक्टर. त्यावर ३० सेंटीमीटरचा थर द्यायचा तर ९,००० घनमीटर बर्फ लागतो. मशीनचा बर्फ जड असतो, घनमीटरला ४००-५०० किलो, ताजा पडलेला नैसर्गिक बर्फ बऱ्याचदा १०० किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे एकाच उतारासाठी चाळीस लाख लिटरच्या आसपास पाणी! म्हणून तर डोंगरावर तळी बांधतात आणि ती हिवाळ्याआधी भरून ठेवतात, कारण ऐन थंडीत ओढ्यांना पाणी कमी असतं आणि तेव्हा ते उपसलं तर मासे आणि खालची गावं दोघंही बोंबलणार, आणि बरोबरच आहे त्यांचं. बरंचसं पाणी वसंतात वितळून परत खाली जातं हे खरं, पण ज्या ओढ्यातून घेतलं त्याच ओढ्यात आणि वेळेवर जातं असं नाही. पंप आणि कॉम्प्रेसरना वीज लागते ती वेगळीच. माझं मत विचाराल तर मुख्य एक-दोन उतारांना मशीनचा बर्फ ठीक आहे, अख्खा डोंगर मशीनने पांढरा करायचा हट्ट मला पटत नाही.

आणि हो, तयारीत गन तपासणं हे शेवटचं काम, त्याआधी जमिनीतले पाइप. शेकडो मीटर उंचीवर पाणी चढवायचं म्हणजे खालच्या टोकाला प्रचंड दाब असतो, एखादा व्हॉल्व्ह गळत असेल तर ते ऑक्टोबरमध्ये कळलेलं बरं, डिसेंबरच्या रात्री अडीच वाजता नको. बर्फ तयार झाला की तो लगेच पसरत नाहीत, आधी मोठाले ढीग होऊ देतात, त्यांना व्हेल म्हणतात. त्यातलं जास्तीचं पाणी निथळलं की मग स्नोकॅट, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या गाड्या, ते ढकलून पसरवतात.

प्रश्न: मला चेअरलिफ्टची भीती वाटते. ती एवढी मोठी केबल तुटली तर? दरवर्षी कोणी तपासतं का ती, की रामभरोसे?

रामभरोसे अजिबात नाही. भीती वाटणं साहजिक आहे पण ज्याची भीती वाटायला हवी ते केबल तुटणं नाहीये, तिकडे नंतर येतो.

तो दोरखंड पोलादी तारांच्या पेडांचा असतो, मधे गाभा. नवीन असताना त्याची ताकद त्याच्यावर येणाऱ्या जास्तीत जास्त ताणाच्या चार-पाच पट धरलेली असते. त्याची टोकं जोडायला गाठ नसते, एका टोकाचे पेड दुसऱ्या टोकात विणत नेतात, आणि हा जोड दोरखंडाच्या जाडीच्या साधारण १,२०० पट लांब असतो, म्हणजे ४० मिलिमीटरच्या दोरखंडाला ४८ मीटर! हे काम करणारी माणसं मोजकीच असतात आणि त्यांचा रुबाब काही वेगळाच असतो.

तपासणीसाठी दोरखंडाभोवती चुंबकाचं एक यंत्र बसवतात आणि लिफ्ट हळूहळू फिरवतात. आतली एखादी तार तुटली असेल, बाहेरून अजिबात दिसत नसली तरी तिथे चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि ग्राफवर टोक उठतं. ठरलेल्या लांबीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तारा गेल्या की दुरुस्ती, नाहीतर दोरखंड बदला.

मग येतात ग्रिप, म्हणजे खुर्चीला दोरखंडावर धरून ठेवणारा चिमटा. जुन्या पद्धतीच्या लिफ्टवर तो कायम आवळलेला असतो आणि एकाच जागी दोरखंडाला त्रास होऊ नये म्हणून सगळ्या खुर्च्या ठरावीक काळाने थोड्या थोड्या पुढे सरकवाव्या लागतात, एकेक करून, हाताने. वेगवान लिफ्टवर ग्रिप स्टेशनात शिरल्यावर उघडतो, खुर्ची रांगायला लागते, तुम्ही बसता आणि मग परत तो दोरखंड पकडतो, म्हणून तर ती सेकंदाला पाच मीटर वेगाने जाऊ शकते आणि जुनी मात्र जेमतेम अडीच. हे ग्रिप काढून, सुटे करून, धुऊन, भेगा आहेत का बघून, स्प्रिंगची ताकद मोजून परत बसवायचे हे मेकॅनिकचं उन्हाळ्यातलं मुख्य काम. त्याशिवाय प्रत्येक खांबावर चढून पुलींचं ग्रीसिंग, त्यांचे रबरी पट्टे, गिअरबॉक्सचं तेल.

आता ती भीतीची गोष्ट. लिफ्टमध्ये खरा प्रश्न असतो ती थांबवता येते की नाही हा. भरलेली लिफ्ट जर उलटी मागे धावायला लागली तर वरच्या सगळ्या भरलेल्या खुर्च्यांचं वजन तिला खाली ओढतं. म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले वेगवेगळे ब्रेक असतात, एक मोटरच्या बाजूला आणि एक थेट दोरखंड फिरवणाऱ्या मोठ्या चाकावर, आणि सीझनआधी प्रत्येक ब्रेक वेगळा लावून बघतात की ठरलेल्या अंतरात थांबतेय का. नवीन लिफ्ट असेल किंवा मोठा बदल केला असेल तर खुर्च्यांवर पाण्याने भरलेल्या पिशव्या नाहीतर पिंपं लादून पूर्ण वजनाची चाचणी घेतात. तुम्ही सहज गेलात तर अख्खी लिफ्ट भरून पिंपं वर चाललेली दिसतील.

वीज गेली तर डिझेल इंजिन असतं, सावकाश का होईना सगळ्यांना उतरवून घेतं. तेही बंद पडलं तर स्की पेट्रोलवाले, म्हणजे डोंगरावर गस्त घालणारं सुरक्षा पथक, दोरखंडावरून दोर टाकून छोटी बैठक वर पाठवतात आणि एकेकाला खाली सोडतात. याची तालीम बर्फ पडायच्या आधी होते, स्टाफमधलेच कोणीतरी वर बसून प्रवासी बनतात. त्या दिवशी फार विनोद होतात पण वर बसलेला माणूस हसत नसतो.

जाता जाता, पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सन व्हॅलीला सुरू झाली. ती काढणारे जेम्स करन रेल्वे कंपनीचे इंजिनिअर होते आणि कल्पना सुचली जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या हुकांच्या साखळीवरून. केळ्याऐवजी माणूस, एवढाच फरक.

प्रश्न: पहिला बर्फ लवकर पडला तर स्की पेट्रोलवाले खूश व्हायला हवेत. माझा एक मित्र तिथे काम करतो तो उलट वैतागतो. का?

तुमचा मित्र शहाणा आहे. लवकर पडलेला पातळ थर आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवस निरभ्र कडक थंडी, हे हिमस्खलनासाठी वाईटात वाईट.

होतं असं की जमिनीजवळचा बर्फ शून्याच्या आसपास असतो कारण जमीन उबदार असते, आणि वरचा भाग रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जातो. थर जाड असेल तर हा फरक मीटर-दीड मीटरमध्ये वाटला जातो, पण थर तीस सेंटीमीटरचाच असेल तर तेवढ्या छोट्या अंतरात एवढा मोठा फरक. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण गोल होऊन एकमेकांना चिकटायच्या ऐवजी टोकदार, पैलूदार, साखरेसारखे सुटे होतात. मुठीत दाबलात तरी गोळा होत नाही. त्याच्यावर डिसेंबरात मीटरभर नवीन बर्फ पडला की काय होणार? वरचा जड थर एका भुसभुशीत पायावर उभा. असा पाया आठवडेच्या आठवडे, कधी कधी अख्खा सीझन त्रास देतो.

याच्यावर एक उपाय म्हणजे पाय. खरंच! तीव्र उतारांवर माणसांच्या रांगा लावून तो पहिला थर तुडवून काढतात, पार जमिनीपर्यंत. दिवसभर, वर खाली, वर खाली. काही ठिकाणी स्वयंसेवक येतात आणि ठरलेले दिवस तुडवलं की बदल्यात सीझन पास मिळतो. मशीन तिथे जाऊ शकत नाही आणि स्फोटकं त्या भुसभुशीत थराला नीट मोडत नाहीत, त्यामुळे एवढ्या तंत्रज्ञानाच्या काळातही शेवटी बूटच.

स्फोटकं वेगळ्या कामाला. लोक वर यायच्या आधी पहाटे धोक्याच्या जागांवर मुद्दाम छोटं स्खलन पाडतात, हाताने टाकायच्या स्फोटकांनी किंवा कड्यावर कायमच्या बसवलेल्या नळकांड्यांनी, ज्यात प्रोपेन आणि ऑक्सिजनचा दुरून स्फोट करतात. या सगळ्याची परवाने, साठवण, प्रशिक्षण अशी तयारी शरद ऋतूतच उरकावी लागते. बरोबरीने शोध घ्यायचा सराव, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याला शोधायला अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र, सगळ्यांचे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात, ४५७ किलोहर्ट्झ, त्यामुळे कंपनी कुठलीही असो एकमेकांना ऐकू येतात. बॅटरी मात्र ज्याची त्याने बघायची.

प्रश्न: रात्री लिफ्ट बंद झाल्यावर चंद्रप्रकाशात पायी चढून स्की करत खाली यायचा प्लॅन आहे. कोणी अडवेल का?

अडवलं तर उपकार माना. रात्री उतार रिकामा नसतो, स्नोकॅट चालू असतात. तीव्र चढावर त्या मशीन वर खुंट्याला अडकवलेल्या वायरवर लटकून काम करतात, वायर हजारएक मीटर लांब, बोटाएवढी जाड, आणि अंधारात शून्य दिसते. मशीन दूर वळणापलीकडे असते, तुम्हाला तिचा दिवाही दिसत नाही, आणि ढिली पडलेली वायर क्षणात ताणली जाऊन जमिनीवरून उसळते. यात युरोपात माणसं गेली आहेत. रात्री वर जायला वेगळी वाट आखून दिली असेल तर तीच धरा, नसेल तर जाऊ नका.

प्रश्न: मागच्या वर्षीचा बर्फ जपून ठेवून पुढच्या वर्षी वापरतात असं ऐकलं. थाप ना?

थाप नाही. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला करतात. सीझन संपताना मोठा ढीग करायचा, त्यावर ४० सेंटीमीटरच्या आसपास लाकडाच्या भुश्शाचा थर, बस्स. उन्हाळाभर उघड्यावर राहूनसुद्धा साधारण तीन चतुर्थांश बर्फ शिल्लक राहतो. भुसा ऊन अडवतो आणि त्यातला ओलावा उडताना थंडावाही देतो. शरद ऋतूत भुसा बाजूला करायचा आणि डंपरने बर्फ पसरायचा. पण हे छोट्या पट्ट्यासाठी, क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे सपाटीवर लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या ट्रॅकसाठी वगैरे, अख्ख्या डोंगराला नाही परवडत.

प्रश्न: ओपनिंग डेलाच जायचंय, आयुष्यात एकदा तरी. जाऊ का?

जा की! पण तारीख जाहीर झाली म्हणजे डोंगर तयार झाला असं समजू नका, तारीख बऱ्याचदा महिनोन्‌महिने आधी ऑफिसात ठरते आणि बर्फाला ते कोणी कळवत नाही. मला स्वतःला आठवडाभर उशिरा उघडणारी जागा जास्त भरवशाची वाटते, किंवा उघडली तरी अर्ध्या उतारांवर दोरी लावून ठेवणारी. दोरी दिसली की तिच्यापलीकडे भले मस्त पांढरंशुभ्र दिसू दे, तिकडे फिरकू नका, सुरुवातीच्या दिवसांत खाली दगडच असतात.

निघायच्या आधी तिथला बर्फाचा रिपोर्ट बघा आणि थोडा संशयाने वाचा. थर किती हे लिहिलेलं असतं पण तो कुठे मोजला, माथ्यावर की पायथ्याशी, ते शोधा, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. किती लिफ्ट चालू यापेक्षा किती उतार चालू ते बघा. आणि पायथ्यापर्यंत स्की करत येता येतंय का ते फोन करून विचारा, कारण पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा वरचे दोन-तीन उतारच उघडे असतात आणि खाली यायला लिफ्टच पकडावी लागते. तसं असेल तर शेवटची लिफ्ट किती वाजता सुटते तेही त्याच फोनवर विचारून घ्या.